गेलेल्यांचे कपडे

सिस्टर बाजारातून निघाली की निम्मे लोक तिला नमस्कार करत आणि उरलेले दुकानात शिरत. दुकानात शिरणाऱ्यांच्या घरी अलीकडेच कोणीतरी गेलेलं असे. त्या माणसाचा कोट किंवा शाल सिस्टरच्या अंगावर असण्याची शक्यता असे, आणि आपल्याच बापाचा कोट सदर बाजारच्या चौकात भाजीवाल्याशी घासाघीस करताना पाहायची छाती फार थोड्यांना असते.

तिचं नाव मला ठाऊक होतं, पण जबलपुरात ते कोणी वापरत नव्हतं, म्हणून मीही इथे वापरत नाही. मूळची अचलपूरकडची, मराठी ख्रिस्ती, बिनलग्नाची. मिशनच्या दवाखान्यात तिनं नर्स म्हणून आयुष्य काढलं. निवृत्त झाल्यावर माणसं गुडघ्यांना तेल लावत बसतात. ही मिशनच्या लोकांबरोबर थेट मिझोरामला गेली. पलीकडे म्यानमारात लढाई चालू होती आणि गावंच्या गावं डोंगर उतरून अलीकडे येत होती. बांबूच्या छावण्यांत चार महिने जखमा बांधून ती परत आली ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन: तिकडे गरम कपडे पाठवायचे. दवाखान्याच्या आवारात एक जुना, बंद पडलेला वॉर्ड होता. तो तिनं मागून घेतला, खाटा हलवल्या, एक टेबल मांडलं आणि कपडे गोळा करू लागली.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. शाळेतल्या मुलींनी जमवलेले स्वेटर पोचवायला मी पहिल्यांदा तिथे गेले. टेबलापलीकडे अंगात करडा सुती कोट घातलेली एक हाडकुळी बाई बसली होती. तिनं वरचा स्वेटर उचलला आणि मला विचारलं, "हाये का गेला?"

"कोण?"

"ज्याचा हाये तो."

मला काय ठाऊक? मुलींनी आणलेले कपडे. तिनं सगळा गठ्ठा माझ्याकडे परत सरकवला. "विचारून आन, पोरी. मले असं चालत नाही."

हा तिचा नियम होता. हिंदी माणसाला ती विचारायची, "हैं कि गए?" मालक जिवंत असेल तर कपडा सरळ गाठोड्यात जाई. मालक गेलेला असेल तर कपडा बाजूला निघे. दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर तो स्वतः अंगात घाले आणि गावात फिरायला निघे. साडीवर बंद गळ्याचा कोट, कोणा आजोबांची बंडी, जे असेल ते. पाच गेलेल्यांचे पाच कपडे असले तर पाच दिवस. सकाळी निघायची आणि दुपारपर्यंत चालायची, पोटात काही नसताना. "दोघांचं जेवन एका पोटात कशाले," म्हणायची. दुपार टळली की मिशनच्या फाटकापाशी पोहे-जलेबीच्या गाडीवर उभी राहून दोन माणसांचं खायची, कपडा काढून गाठोड्यात टाकायची आणि म्हणायची, "उतरला."

मी चिडले होते पहिल्या दिवशी. पण दुसऱ्या आठवड्यात मुलींना विचारून, चिठ्ठ्या लावून गठ्ठा परत नेला. मग जातच राहिले. शाळा सुटली की तासभर तिथे बसून गाठोड्यांची तोंडं दाभणानं शिवायची, हे माझं काम झालं. घरी आई आणि मी दोघीच. घरात बसण्यापेक्षा तिथे बसणं मला बरं वाटायचं. त्याचं कारण पुढे येईल.

नियमाचं कारण तिनं एकदाच सांगितलं, सुतळी ओवता ओवता. "पैल्या खेपेले छावनीत मी तशेच वाटले कपडे. एक बाई होती. सासू रस्त्यात मेली तिची. पुरायलेही वेळ नाही, पानं टाकली अन् निघाली. तिले मी कोट दिला, चांगला जाडजूड. दुसऱ्या दिवशी घेऊन आली परत. म्हने, यात थंडी वाजते. म्हने, यात कोनी हाये, अन् तो मले ओळखत नाही." सिस्टरनं गाठ मारली. "आपले मेलेले मागं टाकून आले बिचारे. त्याईच्या पाठीवर आपले अजून कशाले द्यायचे?"

"आणि तुम्ही घातल्यावर काय होतं?"

"काई नाही होत. गेलेल्याचा कपडा ऊब देत नाही, त्याले कुठं जायचं असते. मी फिरवतो. जाऊन येते तो. मंग कपडा गरम लागते. मंग तो कोनाचाही."

मी हसले. शिकवण्याचा धंदा असा की लोकर ऊब का देते हे मी कोणालाही फळ्यावर काढून दाखवू शकते. सिस्टर म्हणाली, "हास वं, हास. तुह्या शाळेत असंन तसं."

पण मी काही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या आहेत, आणि त्या फळ्यावर काढता येत नाहीत. बडा फुहारा चौकाजवळच्या एका मिठाईवाल्याचा बाप वारला होता. पंधरा दिवसांनी सिस्टर त्याचा तपकिरी कोट घालून दुकानासमोरून गेली, पाठमोरी. मिठाईवाला "बाबूजी!" म्हणून ओरडला आणि हातातला झारा तसाच घेऊन रस्त्यात आला. सिस्टर वळली. तिनं दुकानाच्या फळीवर चढून कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याखालचा खण उघडला, त्यातून एक जुनं चष्म्याचं घर काढून त्याच्या हातात दिलं आणि चालू लागली. आठ दिवस घरचे सगळे तो चष्मा शोधत होते. मी मागून येत होते, म्हणून हे मला दिसलं. नंतर विचारलं तर म्हणाली, "मी कधी चढली त्याच्या दुकानात?"

दुसऱ्यांदा दीक्षितपुऱ्यातच, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. तिच्या अंगात एका वारलेल्या बाईंची लोकरी बंडी होती. एका बंद घरापाशी ती थांबली, तिचा हात दारावरच्या फटीत गेला आणि किल्ली घेऊन खाली आला. शेजारीण म्हणाली, "दीदी, यह तो इनको भी नहीं मालूम, जो अब रहते हैं।" सिस्टरनं किल्लीकडे पाहिलं, जिथली तिथे ठेवली आणि माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पाय दुखून राहिले वं."

तिला भीती कशाची वाटत नसे, फक्त बारांची वाटे. आमच्या गावाला दारूगोळ्याच्या फॅक्टऱ्यांच्या चाचणीचे आवाज नवे नाहीत. दूर कुठेतरी बार होतो, खिडक्यांची तावदानं थरथरतात, आणि आपण चहा पीत राहतो. माझे वडील तीस वर्षं फॅक्टरीत होते, मी त्या आवाजांवर वाढले. सिस्टर मात्र प्रत्येक बाराला हातातलं काम थांबवून जवळच्या गाठोड्यावर तळहात ठेवायची. इथला दारूगोळा तिकडे जात नाही, हे तिलाही माहीत होतं. तरी म्हणायची, "निघाले असतीन कोनी." छावणीतल्या लोकांना ती कधी शरणार्थी म्हणाली नाही. तिच्या लेखी जगात दोन तऱ्हेची माणसं होती, गेलेले आणि निघालेले. निघालेल्यांसाठी कपडे, गेलेल्यांसाठी एक ओळीची प्रार्थना: "येशू, हा येऊन राहिला, दार उघड."

माझा दादा यातला कोण, हे मला तिला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. हुशार, हळवा आणि कुठेच न टिकणारा. दुसरी नोकरी सोडून घरी आला आणि सहा महिने गच्चीत बसून राहिला. माझी जीभ तिखट आहे, घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सहा महिन्यांत मी ती भरपूर वापरली. जानेवारीतल्या एका सकाळी तो नागपूरला मुलाखतीसाठी निघाला, अंगात नुसता शर्ट. बाटलीच्या रंगाचा हिरवा स्वेटर, आईनं विणलेला, खुंटीवरच राहिला. आई म्हणाली, "अगं, धाव, चौकापर्यंतच गेला असेल. थंडी वाजेल त्याला."

मी म्हटलं, "वाजू दे थंडी. अक्कल तरी येईल."

तो नागपूरला पोचला नाही. मधल्या कुठल्या स्टेशनावर उतरला, उतरला की नाही, काहीच कळलं नाही. आम्ही पोलीस केले, स्टेशनं पालथी घातली, नर्मदेच्या ग्वारीघाटावर बसणाऱ्या एकेका दाढीवाल्याचं तोंड मी पाहून आले. वर्षं गेली. स्वेटर खुंटीवरच होता. आई तो उन्हात घालायची, झटकायची, परत लावायची. मला मात्र घरात शिरलं की आधी तो दिसायचा आणि कानात माझाच आवाज यायचा. म्हणून मी घरी उशिरा जायची.

चार हिवाळ्यांपूर्वी, डिसेंबरात, आई देवळात गेली असताना मी तो पिशवीत कोंबला आणि सिस्टरच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"हाये का गेला?"

"गेला," मी म्हटलं. मला ठाऊक नव्हतं. पण एकदा म्हणून मोकळं व्हायचं होतं.

तिनं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. स्वेटर बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत एक तास धड घेऊ शकले नाही. संध्याकाळी वॉर्डात गेले तर सिस्टर अजून त्या स्वेटरात होती. बाह्या तिनं मुठींवर ओढून घेतल्या होत्या. दादा तसाच ओढायचा, आई ओरडायची, बाह्या ढिल्या होतात म्हणून. तिनं स्वेटर काढला, नीट घडी केली आणि माझ्या हातात दिला.

"घेऊन जा. हा गेलेला नाही. दिवसभर फिरवला, ऊब नाही आली. याच्या मालकाले अजून पायजे हा."

मी घडी छातीशी धरली. स्वेटर चांगला कोमट होता. नुकताच तिच्या अंगावरून निघाला, म्हणून असेल, असं मला वाटलं. आहे, दादा आहे, याशिवाय दुसरं काही माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. मी रसायनशास्त्र शिकवणारी बाई, एका म्हातारीच्या शब्दावर रस्ताभर रडत आणि हसत घरी आले.

आईनं माझ्या हातातून स्वेटर घेतला आणि खुंटीला लावला. कुठे नेला होतास, विचारलं नाही. मीच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा. सिस्टर म्हणते तर आहे." त्यानंतर मी कधी गप्प बसले, जेवले नाही, की आई तेच म्हणायची, "काहून उदास होऊन राहिलीस? सिस्टर म्हणाली ना, आहे म्हणून." मला झोप येऊ लागली. घरी वेळेवर जाऊ लागले. स्वेटर दिसला की आता आवाज येत नसे.

चार वर्षं मी या एका वाक्यावर काढली.

यंदा सप्टेंबरात सिस्टर आजारी पडली. तिच्याच दवाखान्यात, तिच्याच वॉर्डासमोरच्या खोलीत. शेवटच्या दिवशी मी बसले होते. बाहेर कुठे बार झाला, काच थरथरली. तिनं तळहात माझ्या हातावर ठेवला, जसा गाठोड्यावर ठेवायची. म्हणाली, "माहा कोट तू घाल. एक दिवस. दुसऱ्या कोनाले नको देऊ."

"घालीन."

"अन् आडवू नको. पाय जातीन तिकडं जाऊ दे."

ती गेल्याचं आईला मी लगेच सांगितलं नाही. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, दुसऱ्याचं ऑपरेशन नीट झालं नाही, आणि मन तिचं हल्ली पटकन खचतं. दोन दिवसांनी सांगू म्हटलं.

दफन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी वॉर्डात जाऊन तो करडा कोट घातला. ऑक्टोबरची उन्हं लागली होती, आणि तरी सांगते, अंगावर थंड पाणी ओतल्यासारखं झालं. मी चालू लागले. सदरमधले लोक बाजूला झाले. मिठाईवाल्यानं हात जोडले. मला वाटलं पाय छावणीचं सामान जातं त्या स्टेशनाकडे वळतील, किंवा चर्चकडे. ते दीक्षितपुऱ्यात आले. आमच्या गल्लीत शिरले. आमचा जिना चढले, आणि चढताना मधली तुटकी पायरी माझ्या सवयीनं नाही, कोणा म्हातारीच्या चालीनं ओलांडली. सिस्टर आमच्या घरी कधी आल्याचं मला माहीत नव्हतं.

आई दारातल्या उजेडात आवळे किसत बसली होती. तिनं मान वर केली, डोळे बारीक केले.

"या, सिस्टर. बसा."

मी उभी राहिले. बोलावं तर तोंड उघडेना.

"बरं नव्हतं म्हणे तुम्हाला? पोरगी सांगत होती." आईनं किसणी खाली ठेवली. आवाज हळू केला. "तिला नाही ना सांगितलं अजून?"

खाली गल्लीत कोणी सायकलची घंटी वाजवली. आई पुढे बोलतच राहिली, नेहमीचं बोलणं असावं तसं. "माहीत आहे, तुम्ही नाही सांगणार. पण दर वेळी विचारल्याशिवाय मला राहवत नाही. त्या दिवशी तुम्ही तो स्वेटर घालून इथंच बसला होतात ना, या पाटावर. दुपारी म्हणालात, बाई, उतरला, तुमचा मुलगा गेला. मी तुमचे पाय धरले. माझं मी सोसेन हो. पण ती म्हणून बसली आहे ना, वाजू दे थंडी. तो गेला असं कळलं तर जन्मभर तेवढंच ऐकत बसेल ती."

कोट मला धरून उभा होता. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही सांगतलं वं, बाई. नाही सांगत." वऱ्हाडी, खरखरीत. इतकी वर्षं ऐकलेली बोली तोंडात बसते, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली.

"देव तुमचं भलं करो." आईनं शेजारच्या डब्यातून एक पुडी काढली. "घ्या. आवळ्याची सुपारी, नेहमीची."

मी पुडी कोटाच्या खिशात घातली. बोटांना आत आणखी पुड्या लागल्या. खाली उतरून, गल्लीच्या बाहेर येऊन मी त्या काढून पाहिल्या. तीन होत्या. माझ्याच जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कागदात बांधलेल्या, आईच्या घडीच्या. एवढ्या वेळा ती त्या जिन्यावर चढली होती, आणि दर संध्याकाळी माझ्यासमोर बसून सुतळी ओवत होती.

आईनं त्या दिवशी मला ओळखलं होतं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. कोट दुपारी गरम झाला. मी तो गाठोड्यात टाकला आणि जलेबीच्या गाडीवर जाऊन उभी राहिले, पण घास गिळवेना.

संध्याकाळी घरी गेले तर आई म्हणाली, "काहून तोंड उतरलं? सिस्टर म्हणाली ना, आहे म्हणून."

"हो, आई," मी म्हटलं. सिस्टर गेली, हे तिला मी आठवड्यानं सांगितलं. ती देव्हाऱ्यापाशी बसून राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "आता तिथं विचारायला कोण बसतं?"

मी बसते. शाळा सुटल्यावर, त्याच टेबलाशी. डिसेंबर लागला तसे कपडे येऊ लागले. एका सकाळी आईनं खुंटीवरून स्वेटर काढला, झटकला आणि माझ्या पिशवीवर ठेवला.

"तिकडं यंदा फार थंडी आहे म्हणतात. देऊन टाक."

"आणि दादा आला तर?"

"आला तर दुसरा विणीन, बोटं चालतात अजून." ती माझ्याकडे बघत नव्हती. "तिथं लिहून ठेव, आहे म्हणून. म्हणजे सरळ गाठोड्यात जाईल. कोणाला घालून फिरायला नको."

शाळेला सुट्टी टाकून मी वॉर्डात गेले. तिथे कोणी नव्हतं. स्वेटर टेबलावर ठेवला आणि तरी मोठ्यानं विचारलं, कारण नियम म्हणजे नियम.

"आहे का गेला?"

"गेला," मी म्हटलं. हाच शब्द मी या टेबलापाशी एकदा खोटा बोलले होते.

स्वेटर मीच घातला. बाह्या मुठींवर आल्या. तोंड शिवायचं राहिलेलं शेवटचं गाठोडं मी रिक्षात टाकून पुढे पार्सल ऑफिसला धाडलं आणि चालत निघाले. दादा ज्या रस्त्यानं गेला तो रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडाशीच सुरू होतो. खाली मान घालून मी तेवढा तुकडा पार केला, आईच्या खिडकीकडे पाहिलं नाही. स्टेशनापर्यंत माझे दात वाजत होते. जाड लोकर, वर स्वच्छ ऊन, आणि मी कुडकुडत होते. त्याला त्या सकाळी किती थंडी वाजली असेल ते मला तेव्हा कळलं.

नागपूरची गाडी लागते त्या फलाटावर एका बाकावर बसले. म्हटलं, "दादा, स्वेटर आणलाय रे. उशीर झाला." शेजारी बसलेला हमाल माझ्याकडे पाहून सरकला. मी रडत राहिले. गाड्या आल्या, गेल्या. दुपार टळल्यावर कधीतरी आधी खांद्यांना, मग पाठीला ऊब यायला लागली. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. त्याची ऊब मला तेवढीच मिळणार होती.

पार्सल ऑफिसात जाऊन मी स्वेटर काढला, गाठोड्यात सगळ्यांत वर ठेवला आणि दाभणानं तोंड शिवलं.

घरी पोचले तेव्हा आई दारातच उभी होती.

"काय लिहिलंस?"

"आहे म्हणून लिहिलं," मी म्हटलं.